डिक्कीतला डबा

कॉम्प्युटर इंजिनिअर झालेल्या माणसाला गावाकडे काय काय दुरुस्त करावं लागतं याची यादी करायची म्हटली तर एक शनिवार पुरायचा नाही. मिक्सर, मोटरचा स्टार्टर, टीव्हीचा रिमोट, एकदा तर शेजारच्या आजींचं कानाचं मशीन. 'तू इंजिनिअर हायस ना?' या प्रश्नाला 'मी जावामध्ये कोड लिहितो' हे उत्तर होऊ शकत नाही, हे मी कधीच मान्य केलंय. तर गेल्या दिवाळीत नंबर लागला सबवूफरचा.

गाव चुडावा. पूर्णा आणि नांदेडच्या मधलं छोटं स्टेशन. मी पुण्याहून येताना पूर्णेलाच उतरतो आणि धाकटा चुलतभाऊ गाडी घेऊन न्यायला येतो. (त्याचं नाव लिहिलं तर लगेच फोन येईल, म्हणून इथे तो नुसता 'पठ्ठ्या'.) पठ्ठ्याची सेकंडहँड डिझायर आहे, भाड्यानं चालवतो. नांदेडचा दवाखाना, लग्नं, देवदेव, काय असेल ते. आणि दोन वर्षांपूर्वी सोयाबीनचे पैसे हातात आले तेव्हा काकांना न विचारता त्यानं त्यात सिस्टिम बसवली. डिक्कीत बारा इंची सबवूफर, सुताराकडून १८ एमएम एमडीएफचा करून घेतलेला डबा, मागच्या सीटच्या पाठीला स्क्रूनं आवळलेला चार चॅनलचा ॲम्प. काकांना आवाजाबद्दल फार तक्रार नाही. त्यांची तक्रार एवढीच, की डिक्कीत युरियाचं पोतं बसत नाही. शिवाय स्टेपनी त्या डब्याखाली! पंक्चर झालं की आधी दोघांनी मिळून डबा रस्त्यावर उतरवायचा, मग पुढचं काम. पॅसेंजरच्या बॅगा पॅसेंजरच्याच मांडीवर.

पण पठ्ठ्याचं म्हणणं असं, की पोरांच्या लग्नाची भाडी त्या डब्यामुळंच मिळतात. आणि ते खोटं नव्हतं.

तर दिवाळीत डबा मुका झाला. पुढचे स्पीकर चालू, मागचा ढिम्म. आम्ही अंगणात सबवूफर खोलला. एक जुनी युक्ती आहे : दीड व्होल्टचा पेन्सिल सेल टर्मिनलला टेकवायचा, कॉइल जिवंत असेल तर कोन टुक्कन हलतो. या सबवूफरला दोन कॉइल होत्या, चार-चार ओहमच्या. एकीवर टुक्कन झालं. दुसरीवर काही नाही. मल्टिमीटर लावला तर पहिली ३.६ ओहम, दुसरीवर नुसता डावीकडे '१', म्हणजे सर्किट तुटलेलं.

इथे जरा थांबून सांगतो, कारण पुढची सगळी भानगड याच्यात आहे. तो ॲम्प ब्रिज करून वापरला की त्याला चार ओहमपेक्षा कमी चालत नाही. दोन्ही कॉइल समांतर जोडल्या तर दोन ओहम होतात, म्हणून बसवणाऱ्यानं शहाणपणानं त्या एकापुढे एक जोडल्या होत्या, एकूण आठ ओहम. जुन्या दिव्याच्या माळेत एक दिवा गेला की सगळी माळ जाते, तसं एक कॉइल तुटल्यावर सगळा सबवूफर गेला होता.

मी काय केलं? मेलेली कॉइल वगळली आणि ॲम्पच्या वायरी जिवंत कॉइलला डाग मारून जोडल्या. चार ओहम, म्हणजे ॲम्पला चालतं तेवढंच. गाणं लावलं... आणि आला की आवाज! पहिल्याइतकाच! पोरं जमली, काकू म्हणाल्या फळीवरची भांडी वाजायलीत, पठ्ठ्यानं मला चहा नको म्हणत असताना दोन वेळा पाजला. दहा मिनिटांचं काम. मी अक्षरशः हवेत होतो.

तुळशीचं लग्न झालं, सीझन सुरू झाला, आणि एका रात्री अकराला फोन. मागे वरातीचा गोंगाट. 'दादा, डिक्कीतून जळल्याचा वास यायलाय. आवाज बंद झाला.' मी आधी ॲम्प बंद करायला सांगितलं, आणि मग म्हणालो, 'माल लोकल असंल रे. खोक्यावर १२०० वॅट लिहितात, आरएमएस बघितलं तर ३००.' वॅटचं हे खरंच आहे. पण ते तिथे लागू नव्हतं.

का नव्हतं ते दोन दिवसांनी एका कंटाळवाण्या मीटिंगमध्ये वहीच्या मागच्या पानावर कळलं. आठ ओहमवर जो करंट जायचा, त्याच्या दुप्पट करंट आता चार ओहमच्या एकाच कॉइलमधून जात होता. जोर लावणाऱ्या कॉइल निम्म्या, करंट दुप्पट. म्हणून कोनवरचा जोर तेवढाच आणि आवाजही तेवढाच. पण उष्णता करंटच्या वर्गावर जाते. म्हणजे त्या बिचाऱ्या एका कॉइलमध्ये आधीच्या चौपट उष्णता! हे गणित बारावीचं आहे हो. डिग्रीसुद्धा लागत नाही.

मग मी फोन केला का? नाही केला. आज करू, शनिवारी करू, असं करत राहिलो. पठ्ठ्याची त्या महिन्यात दोन लग्नं गेली, हे मला काकूंकडून कळलं.

शेवटी पंधरा दिवसांपूर्वी गावी गेलो तेव्हा आम्ही तो सबवूफर घेऊन नांदेडला गेलो. एका बोळातलं दुकान, भिंतीला कोन, रिंगा, स्पायडर लटकवलेले. चाचांनी ब्लेडनं कडेची रबराची रिंग कापून कोन वर उचलला आणि खाली कॉइल कोळशासारखी काळी. हे मला अपेक्षितच होतं. पण मग त्यांनी दुसऱ्या कॉइलची जाळीदार वायर हातात घेतली. ती कोनला जिथे काळ्या डिंकाखाली शिरते, तिथेच तुटली होती. आत कॉइल नव्हतीच तुटलेली. दिवाळीत मी तो डिंक नुसता खरवडला असता तरी दिसलं असतं. पन्नास रुपयांचा डाग.

चाचांनी टर्मिनलवर तसेच राहिलेले माझे डाग बघितले. 'एकीच कॉइल पे किसने चलाया?'

मी तोंड उघडायच्या आत पठ्ठ्या म्हणाला, 'मीच चाचा. लग्नाची घाई होती.'

नवीन कॉइल आणि कोन, १८०० रुपये. मी मोबाइल काढेपर्यंत त्यानं पैसे पाठवूनही टाकले. चाचा नवीन कॉइल मध्यावर बसवत होते. चुंबकाच्या फटीत जुन्या एक्स-रेच्या पट्ट्या कापून खोचायच्या, म्हणजे चहूबाजूंनी सारखी जागा राहते आणि कॉइल घासत नाही. कुणाच्या तरी बरगड्या होत्या त्यात. एरवी मी फोटो काढले असते. चिकटवलेलं सुकायला रात्रभर ठेवायचं होतं, म्हणून सबवूफर तिथेच सोडून परत निघालो.

गाडीत बराच वेळ कोणी बोललं नाही. लिंबगाव मागे पडल्यावर मी म्हणालो, 'आता परत आठ ओहमवरच जोडायचं. पहिल्यासारखं.'

'आवाज कमी होईल का?'

'नाही. तेवढाच येतो.'

त्यानं गिअर बदलला. 'तेवढाच?'

'तेवढाच. दिवाळीत मी चुकीचं जोडलं होतं. मला नंतर कळलं होतं, पण तुला सांगितलं नाही.'

'वायरी तूच लावल्या होत्यास की समोर,' पठ्ठ्या म्हणाला. 'चाचासमोर इंजिनिअर कशाला म्हणू तुला.'

घरी आलो तर काका अंगणातच उभे. रिकामी डिक्की बघून त्यांनी आधी युरियाचं पोतं आणायला सांगितलं.