उन्हाळ्याच्या नावावर

मे महिन्यात नागपुरात काहीही बिघडलं की कारण आधीच ठरलेलं असतं. फ्रिज गार करत नाही? ऊन. इन्व्हर्टर टिकत नाही? ऊन. माझा डेस्कटॉप काम करता करता फटकन बंद पडायला लागला, तेव्हा घरी, शेजारी आणि दुकानात सगळ्यांनी एकमुखाने हेच सांगितलं. ‘मॅडम, बाहेर 45 आहे, मशीन तरी काय करेल?’

निवृत्तीनंतर मी घरी बसून पुस्तकांची अक्षरजुळणी करते. संगणकाशी माझा संबंध कळफलक आणि पडद्यापुरता. टेबलाखालच्या त्या डब्यात काय चालतं हे जाणून घ्यायची मला कधी गरजच पडली नव्हती. लक्षणं मात्र कोड्यात टाकणारी होती. आधी टाइप केलेली अक्षरं उशिरा उमटायची, पान सरकायला वेळ घ्यायचं. मग आतला पंखा घरघरायला लागायचा आणि एखादी जाड पीडीएफ तयार करताना पडदा एकदम काळा. लगेच बटण दाबलं की मशीन उठायचं आणि पुन्हा झोपायचं. चहा होईपर्यंत थांबलं तर काही झालंच नाही अशा थाटात चालू.

दुकानवाल्याने आधी ‘एसएमपीएस गेलाय’ म्हणून तो, म्हणजे वीज पुरवणारा भाग, बदलला. फरक शून्य. मग म्हणाला, ‘विंडोज करप्ट आहे, फॉरमॅट मारू.’ फॉरमॅट मारल्यावर जुने मराठी फॉन्ट आणि त्यांचे कळफलक पुन्हा जागेवर आणताना काय हाल होतात, ते या धंद्यातल्या कुणालाही विचारा. मी नको म्हटलं. शेवटचा सल्ला होता, मशीन कूलरसमोर ठेवा. ठेवलं, आणि गंमत म्हणजे थोडा फरक पडला! त्यामुळे ऊनच दोषी, हे माझ्याही मनात पक्कं बसलं. खसच्या टट्ट्यांतून येणारी ओली हवा सर्किटांवर सोडणं बरं नव्हे, हे मला मागाहून कळलं.

पुण्यात शिकणारा भाचा व्हिडिओ कॉलवर हे ऐकत होता. मी डब्याला हात लावून ‘एवढा काही गरम नाही रे’ म्हणाले, तर तो हसला. ‘मावशी, हात लावून काय पाहून राहिली? आकडा पाहा.’ त्याने प्रोसेसरचं तापमान दाखवणारा एक फुकटचा प्रोग्रॅम टाकायला लावला. नुसती फाइल उघडून बसले तर 66. पीडीएफ करायला दिली आणि आकडा भराभर चढत 100 वर जाऊन अडकला.

माझा प्रोसेसर इंटेलचा, कोअर आय-5 6500. चार कोअर, 65 वॉट. त्याची मर्यादा 100 अंश सेल्सिअस. तिथे पोचला की तो स्वतःच आपला वेग कमी करतो, म्हणजे उष्णता कमी निघते. अक्षरं उशिरा उमटत होती ती म्हणून. वेग कमी करूनही तापमान चढत राहिलं, तर चिप जळू नये म्हणून वीजच तोडली जाते. विंडोजच्या नोंदवहीत प्रत्येक वेळी ‘कर्नल-पॉवर 41’ असं लिहिलेलं सापडलं. मला वाटलं, सापडला चोर! पण त्या नोंदीचा अर्थ एवढाच की मशीन रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झालं. का, ते त्यात नसतं.

‘आता खोलीत किती आहे?’ भाच्याने विचारलं. भिंतीवरचा तापमापक 40 दाखवत होता. ‘म्हणजे तुझी चिप खोलीपेक्षा 60 अंश वर आहे. 65 वॉटच्या चिपला इतकं कशाला लागतं?’ इथे माझ्या डोक्यात पहिल्यांदा उजेड पडला. प्रोसेसरवरचा पंख्याचा कूलर चिपला खोलीच्या हवेपेक्षा गार करूच शकत नाही. खोली जेवढी तापते, साधारण तेवढाच चिपचा आकडाही वर सरकतो. महत्त्वाचं काय, तर मधलं अंतर. जानेवारीत खोलीत 20 असताना हीच चिप 80च्या आसपास चालत असणार, आणि 80 ला ती कुरकुर करत नाही. आजार जुनाच होता, मे महिन्याने तो फक्त उघडा पाडला. मग आठवलं, दिवाळीपूर्वी एक मेकॅनिक घरी येऊन, प्रोसेसरवरचा कूलर काढून, ब्लोअर मारून ‘सर्व्हिसिंग’ करून गेला होता.

वायर काढून, पॉवरचं बटण एकदा दाबून उरलीसुरली वीज घालवली आणि डबा आडवा करून बाजूचं झाकण काढलं. पंख्याखालच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांना हात लावला तर जेमतेम कोमट. चिप 100 वर आणि पाती कोमट! भाच्याला हवा होता तो पुरावा हाच. उष्णता पात्यांपर्यंत पोचतच नव्हती, मग पंखा कितीही ओरडो.

‘हळूच हलवून पाहा.’ हलवलं. एक कोपरा उचलला गेला. हा कूलर प्लॅस्टिकच्या चार पिनांवर बसतो आणि त्यातली एक मदरबोर्डच्या भोकात अर्धीच गेली होती. वरून पाहिलं तर चारही सारख्याच दिसतात. भाकरी तव्याला जिथे टेकत नाही तिथे ती कच्ची राहते, तसं हे. कूलर काढला तर तो आणि चिप यांच्यामधली उष्णतावाहक पेस्ट वाळून खडूसारखी झालेली. मेकॅनिकने जुन्याच पेस्टवर तो परत ठेवला होता.

पेस्ट म्हणजे काही गारवा देणारं औषध नव्हे. धातूचे दोन पृष्ठभाग डोळ्यांना गुळगुळीत दिसले तरी त्यांच्यामध्ये हवेच्या बारीक पोकळ्या उरतात. उष्णता वाहून नेण्यात हवा फारच आळशी. तिच्या उष्णतावाहकतेचा आकडा 0.026च्या आसपास, ॲल्युमिनियमचा 200च्या पुढे, तर बऱ्या पेस्टचा 4 ते 8. पेस्ट हवेपेक्षा शेकडो पट बरी, पण धातूपुढे अगदीच गरीब. म्हणून पोकळ्या भरतील इतकीच ती हवी. मी सढळ हाताने लावायला निघाले होते, भाच्याने तुरीच्या दाण्याएवढ्या ठिपक्यावर थांबवलं.

जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली. पिना समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या जोडीने दाबायच्या, आणि प्रत्येक पिनेचा ‘टक्’ असा आवाज यायला हवा. इतका जोर द्यावा लागतो की बोर्ड मोडतो की काय, असं वाटून मला घाम फुटला. मग बोर्डाच्या मागच्या बाजूने पाहिलं. चारही ठिकाणी पांढरी टोकं फाकून बाहेर आलेली.

त्याच दुपारी, खोलीतल्या कूलरची हवा मशीनवर न सोडता, तीच पीडीएफ केली. खोलीत 40, चिप 69. पंख्याचा आवाज ऐकू येईना.

तुमच्याकडे सर्व्हिसिंगला कुणी आलं आणि त्याने प्रोसेसरवरचा पंखा काढला, तर नवी पेस्ट लावली का ते विचारा, आणि जाण्यापूर्वी मदरबोर्डच्या मागून चारही पिना दाखवायला सांगा. फॉरमॅटचं नंतर बघू.