मागचा दिवा

ऑगस्ट 2019 च्या महापुरात आमच्या दोन्ही ट्रॉल्या आठवडाभर पाण्यात होत्या. शिरोळ तालुक्यात तेव्हा माणसं आणि जनावरं बाहेर काढणं एवढंच सुचत होतं. पाणी ओसरल्यावर ट्रॉल्या धुतल्या, बेअरिंगला ग्रीस भरलं, नवा रंग मारला आणि हंगामाला ऊस ओढायला काढल्या.

पहिल्याच आठवड्यात रात्रीच्या खेपेला एक मोटारसायकल मागच्या ट्रॉलीपासून हातभर अंतरावर कशीबशी थांबली. मागं बायको, तिच्या मांडीवर पोर. “दिवा न्हाई व्हय मागं?” एवढंच तो बोलला. मी उतरून बघितलं. दिवे लागले होते, पण विझत आलेल्या निखाऱ्यासारखे. त्यावर उसाची वाढी लोंबत होती. अंधारात भरलेली ट्रॉली म्हणजे रस्त्यातला काळा ढीग; जवळ येईपर्यंत ती दिसतच नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी बल्ब बदलले. फरक पडला नाही. फ्यूज बघितला, शाबूत. मग खोड विचित्र असल्याचं ध्यानात आलं. नुसते टेललॅम्प लावले की बरे लागायचे. डावा इंडिकेटर टाकला की तो नीट लुकलुकायचाच नाही, उलट शेजारचा ब्रेकचा दिवा त्याच तालावर मिणमिणायचा. ट्रॅक्टर उभा असताना दिसणारा उजेड खड्ड्यात आदळला की जायचा. तीन दिवस मी सगळ्या वायरी चाचपल्या, जिथं शंका आली तिथं तोडून टेप गुंडाळली. गुंता वाढला, दिवा वाढला नाही.

शेवटी जयसिंगपूरच्या एका वायरिंगवाल्याला फडावर घेऊन आलो. त्यानं आधी मागची ट्रॉली सोडायला लावली आणि ट्रॅक्टरच्या सात पिनी सॉकेटलाच टेस्ट लॅम्प लावला. तिथं सगळं ठणठणीत. म्हणजे ट्रॅक्टर सुटला, दोष ट्रॉलीत. मग त्यानं मला विचारलं, “अर्थ बघितलासा काय?”

मी बघितला नव्हता. करंट येतो कुठून, एवढंच मी शोधत होतो.

त्यानं बॅटरीच्या निगेटिव्हपासून एक लांब वायर मागं नेली आणि तिचं टोक डाव्या दिव्याच्या पत्र्याला टेकवलं. दिवा एकदम लख्ख झाला. ती वायर काढून त्यानं तिथंच मीटर लावला. दिवे चालू असताना दिव्याचा पत्रा आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांच्यामध्ये जवळजवळ शून्य दिसायला पाहिजे. चार व्होल्ट दिसत होते. बारातले चार परतीच्या वाटेवरच खर्ची पडत होते.

हे मला लगेच कळलं, कारण आमच्या भागात क्षारपड जमीन सगळ्यांनी बघितलेली आहे. पाणी भरपूर दिलं, पण निचरा नसेल तर रान फुगतं आणि पीक जातं. दिव्यातल्या करंटलाही बाहेर पडायला वाट लागते. हक्काची वाट बंद झाली की तो दुसरी शोधतो. इंडिकेटरचा करंट ब्रेकच्या फिलामेंटमधून उलटा शिरून उजव्या दिव्याच्या अर्थनं बाहेर पडत होता, म्हणून ब्रेकचा दिवा मिणमिणत होता.

प्लग उघडला तेव्हा तीन नंबरच्या पिनेची, म्हणजे अर्थची, वायर वरून धड दिसली. आत तांब्याची हिरवी भुकटी झालेली. पुराचं पाणी आवरणाच्या आत चढलं होतं. मग परतीला वाट उरली फक्त हुक आणि त्याची पिन, तीही गंज आणि ग्रीसनं माखलेली. खड्ड्यात पिन हलली की तेवढीही तुटायची. दिव्याचा बोल्ट जिथं चॅनेलला कसला होता, तिथं मी पुरानंतर मारलेला रंग होता. रंगातून करंट जात नाही.

दुरुस्ती दुपारभरात झाली. बोल्टाखालचा रंग कानशीनं चकाकी येईपर्यंत घासला. प्लगपासून दोन्ही दिव्यांपर्यंत अडीच एमएमची स्वतंत्र अर्थ वायर ओढली, हुकावर भिस्त ठेवली नाही. जोड डाग देऊन झाकले, पिनांना व्हॅसलीन लावलं. मी गुंडाळलेले टेपचे जोड त्यानं एकेक करून काढायला लावले, ते बरंच केलं. त्यातले दोन नुसते पिळलेले होते. मागच्या ट्रॉलीचा करंट पुढच्या ट्रॉलीतूनच जातो, म्हणून तिलाही तेच केलं. वळणावर ताण बसू नये म्हणून केबलला हुकापाशी सैल वेटोळं ठेवलं.

तेव्हापासून भरलेली ट्रॉली फडातून निघायच्या आधी आमचे आण्णा कोयता घेऊन मागं जातात. दिव्यावर आलेली वाढी छाटतात आणि ओरडतात, “दाब!” मी ब्रेक दाबतो. मग डावा, मग उजवा. “लागला” असं ऐकू आल्याशिवाय मी गिअर टाकत नाही.