उर्फ

दस्तऐवजात ‘उर्फ’ हा शब्द दिसला की माझी लेखणी थबकते. एकच भाट दोन दप्तरांत दोन नावांनी नोंदलेले असले, की एका नावावर झालेला फेरफार दुसऱ्या दप्तराला कळत नाही. कागद दोन्ही खरे, आणि पक्षकार मात्र बुडतो.

गेल्या मे महिन्यात भाचा सुटीवर आला तो असलेच प्रकरण घेऊन. एका जुन्या कार्यप्रणालीची सी भाषेतील संहिता नव्या कंपायलरला देताच इशाऱ्यांची रांग लागली होती. “मामा, हा तुमच्या उर्फचाच खटला!” तो म्हणाला.

संगणकाच्या स्मृतीतील एकाच जागेला दोन पॉइंटर दोन प्रकारांनी संबोधितात. एक म्हणतो येथे पूर्णांक आहे, दुसरा म्हणतो अपूर्णांक. सीच्या १९८९ च्या प्रमाणकाने, काही अपवाद वगळून, असे संबोधन निषिद्ध मानले. म्हणून कंपायलर एकदा वाचलेली किंमत हाताशी ठेवतो. दुसऱ्या नावाने ती जागा बदलली तरी पुन्हा पाहावयास जात नाही. वेग वाढतो, आणि उत्तर कधी कधी चुकते.

पण युनिक्सचा गाभा सीमध्ये लिहिला गेला १९७३ साली! नंतरचा नियम आधीच्या लेखनाला लावणे वकिलाला कसे रुचावे? गोव्यात १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा १९६२ च्या अधिनियमाने चालू राहिला, तशी सवलत येथेही आहे. हा नियम लावू नये, असे कंपायलरला स्पष्ट बजावता येते. लिनक्सचा गाभा तसेच करतो.

भाच्याच्या सोबत्यांना मात्र तिसरी वाट सुचली होती. पॉइंटर मध्ये एका प्रकारहीन पॉइंटरातून फिरवून आणावा; इशारा पुष्कळदा गप्प होतो. दोष तेथेच राहतो.

हे ऐकून मी ओशाळलो. वीसएक वर्षांपूर्वी एका खरेदीखतात, दोन नावांचा मेळ न घालता, ‘अन्य नाव असल्यास त्यासह’ एवढे लिहून मी मोकळा झालो होतो. खरेदीदार विधवा बाई. त्या चार शब्दांपायी तिला अकरा वर्षे कोर्टाची पायरी चढावी लागली. भाच्याला हे मी प्रथमच सांगितले.

तो काही बोलला नाही. त्याने आधी ती सवलत लावून घेतली. मग बलकांवावर बसून एकेक ठिकाणी पॉइंटरची हातचलाखी काढून बाइटांची सरळ नक्कल घालू लागला. अशी लहानशी नक्कल आजचे कंपायलर बहुधा फुकटात उरकतात, म्हणे. दिवेलागणीपर्यंत सात फायली झाल्या होत्या.