हिरवळीखालचा चर

डॅलसच्या उत्तरेला, प्लेनोमध्ये आम्ही घर घेतलं तेव्हा परसात बर्म्युडा गवत होतं. पहिल्या वसंतातच त्याची रया गेली. एप्रिल-मे हे इथले धो धो पावसाचे महिने. तासाभराची सर येऊन जायची, लख्ख ऊनही पडायचं, पण परसातलं पाणी दोन-दोन दिवस जागचं हलायचं नाही. कुंपणाकडच्या सावलीत गवत कुजलं आणि नुसता रबरबाट उरला. कुत्रा बाहेर गेला की चारही पाय काळे करून थेट सोफ्यावर. ऑगस्टात बघावं तर त्याच जागी हात जाईल एवढ्या भेगा.

ती माती मला नवी नव्हती. ओला गोळा अंगठ्याने दाबत गेलं की लांबच लांब पट्टी निघायची, तुटायची नाही. मी सांगली जिल्ह्यातली, कृष्णाकाठच्या काळ्या रानात चपला रुतवून घेत वाढलेली. इथल्या मातीला 'ह्यूस्टन ब्लॅक' म्हणतात आणि टेक्सासची राज्य-माती म्हणून तीच ओळखली जाते. आपली काळी बेसॉल्टपासून झालेली, ही चुनायुक्त चिकणी खडकावरची. पण दोघींतली चिकण एकाच कुळातली, स्मेक्टाइट. पाणी प्यायली की फुगते, वाळली की आक्रसते. अमेरिकी कृषी खात्याने निचऱ्यावरून मातीचे गट पाडलेत, त्यात ही शेवटच्या, 'डी' गटात. पुरती भिजली की तासाला सव्वा मिलिमीटरसुद्धा पाणी मुरवून घेत नाही.

यावर उपाय म्हणून जो तो कृत्रिम हिरवळ सुचवत होता. एक विक्रेता नमुन्याचा तुकडा घेऊन आला, नळाखाली धरला, पाणी सरळ खाली गेलं. तासाला 30 इंच पाऊस पडला तरी तुंबणार नाही, म्हणाला. त्या तुकड्यापुरतं ते खरंच होतं, मागच्या बाजूला भोकंच भोकं होती. पण त्याच्या खाली माझी काळी माती असणार होती, नळाखालचं सिंक नव्हे.

रविवारी मामाशी फोनवर बोलताना हा विषय निघाला. मामाच्या उसाचं रान पाणी देऊन देऊन चिबाड झालं होतं, वर मीठ फुटलं होतं. मग त्याने जमिनीखाली भोकांचे पाइप टाकून घेतले. आमच्या भागात हा भूमिगत निचरा आता बऱ्याच जणांना ठाऊक आहे.

"लाव की प्लॅस्टिकचं गवत," तो म्हणाला. "पर खाली पाण्याला वाट काढलीयास का? वर गालिचा हातर न्हायतर फरशी घाल, चिबाड ते चिबाडच."

"चर काढून पाइप टाकणारेय मामा."

"आगं पर त्यो पाइप सोडणार कुठं? वढा कुठाय तुझा?"

या प्रश्नाचं उत्तर एकाही विक्रेत्याच्या कागदावर नव्हतं. शेजाऱ्याच्या अंगणात पाणी वळवायची सोय नाही. तसं वळवून त्याचं नुकसान केलं तर टेक्सासच्या जलकायद्याने तो भरपाई मागू शकतो. माझा ओढा म्हणजे घरापुढच्या रस्त्याची गटार. परसातून घराच्या कडेने तिथवर पाइपला उतार मिळतो का, हे आधी दोरी आणि पाणसळ लावून पाहिलं. मिळत होता, जेमतेम. मग सोसायटीची परवानगी काढली, 811 ला फोन करून गॅसच्या आणि विजेच्या लाइनींवर रंगाच्या खुणा करून घेतल्या.

कामकरी पावसाच्या दुसऱ्याच दिवशी यायला निघाले होते. मी थांबवलं. वापसा आल्याशिवाय या मातीत कुदळ घालायची नाही, एवढं तर रक्तातच आहे. ओली दाबली की तिचा काला होतो, वाळली की दगड. आठवडा गेला. मग चर खणला तेव्हा त्याच्या भिंतीत तिरके, तुळतुळीत चकाकणारे पापुद्रे दिसले. माती फुगताना स्वतःवरच घासते, त्याची ती झिलई.

चरात आधी जाड कापड, त्यात धुतलेली खडी, मधोमध भोकांचा पाइप, पुन्हा खडी, मग कापडाची घडी. याला इथे 'फ्रेंच ड्रेन' म्हणतात. फ्रान्सचा काही संबंध नाही. हेन्री फ्लॅग फ्रेंच नावाच्या गृहस्थांनी 1859 मध्ये शेतीच्या निचऱ्यावर पुस्तक लिहिलं, त्यांचं हे नाव. बाकीच्या परसात चार इंच माती उचलली आणि उघडी पडलेली चिकणच चराकडे उतरती करून घेतली, दर दहा फुटांना सुमारे अडीच इंच. या कामाला सगळ्यांत जास्त वेळ गेला आणि तो मी जाऊ दिला. त्यावर कापड, चुनखडीची खडी, वर बारीक कच, आणि यंत्राने दबाई. हिरवळ पसरून, सांधे चिकटवून, पात्यांत वाळू घालायला एक दिवस पुरला. माझं स्पष्ट मत असं की पैसे खाली घालावेत. वर काय पसरायचं ती आवडीची बाब. याच चरावर साधं गवतही चाललं असतं. मी प्लॅस्टिक घेतलं ते कुत्र्यापायी आणि सावलीपायी.

पुढच्या मेमध्ये सर आली तेव्हा छत्री घेऊन रस्त्यावर जाऊन उभी राहिले. पाइपच्या तोंडावरचं हिरवं झाकण उचललं गेलं आणि पाणी गटारीला लागलं. मामाला त्याचा व्हिडिओ पाठवला. "वढा बारीक हाय," एवढंच उत्तर आलं.

त्रास अजिबात नाही असं नाही. जुलैच्या दुपारी ही हिरवळ अनवाणी पायांना चटका देते, कुत्रा तर दारातूनच मागे फिरतो; सोडायच्या आधी पाणी मारावं लागतं, आणि तो गारवा फार टिकत नाही. कुत्र्याच्या वासासाठी अधूनमधून धुवावी लागते ती वेगळीच. शिवाय गवत होतं तोवर त्याला घातलेलं पाणी घराच्या पायालाही मिळत होतं. ते बंद झालं तशी उन्हाळ्यात माती पायापासून सुटू लागली आणि स्वयंपाकघराचं दार चौकटीत अडायला लागलं. इकडची घरं काँक्रीटच्या सपाट पायावर असतात. खालची माती एका बाजूने आक्रसली की पाया वाकतो. म्हणून आता जुलै-ऑगस्टात पायालगत झिरपणारी नळी टाकून ठेवते. जिथलं पाणी काढायला एवढा खर्च केला, तिथेच थेंब थेंब पाणी सोडायचं. पाण्याचं बिल बघून नवरा कपाळाला हात लावतो. मी त्याला स्वयंपाकघराचं दार उघडून दाखवते.