वाटून दिलेला समुद्र

गेल्या वर्षी धाकट्या भावाकडे अमेरिकेस जाण्याची संधी मिळाली. त्याने आम्हा उभयतांना न्यू जर्सीतील अटलांटिक सिटीला नेले. समुद्रालगतचे कॅसिनो-हॉटेल, गुबगुबीत गालिचे आणि समोर मैलोन्‌मैल लाकडी फळ्यांचा बोर्डवॉक! तो प्रथम १८७० साली बांधला गेला. पहिला कॅसिनो मात्र १९७८ चा.

तळमजल्यावर जुगाराची यंत्रे. ना खिडकी, ना घड्याळ. वस्तीत मटक्याविरुद्ध भाषणे देणारा मी. पण गंमत म्हणून वीस डॉलर लावले. पाच मिनिटांत गेले. हिने फक्त माझ्याकडे पाहिले.

सकाळी मिसुरी अव्हेन्यूसमोरच्या वाळूवर गेलो. हा ‘चिकन बोन बीच’. विसाव्या शतकात कित्येक वर्षे कृष्णवर्णीयांना याच भागात पोहण्याची मुभा होती. हॉटेलांतील कष्टाची कामे बहुतांशी त्यांचीच; पण गोऱ्या पाहुण्यांशेजारी पाण्यात उतरायचे नाही. अथांग समुद्रही वाटून दिलेला! आम्हा दोघांनाही महाडचे चवदार तळे आठवले.

फिलाडेल्फिया तेथून सुमारे शंभर किलोमीटर. तडा गेलेली ‘लिबर्टी बेल’ पाहिली. हे नाव तिला १८३० च्या दशकात गुलामगिरीविरोधी चळवळीने दिले. शेवटी न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठ. १९१३ ते १९१६ बाबासाहेब येथे शिकले. तेथल्या पायरीवर बसून प्रवासाचा हिशेब लिहिला. वीस डॉलरही मांडले.

परतल्यावर वस्तीतल्या मुलांना सारे सांगितले, ते वीस डॉलरसुद्धा. लपवले असते, तर मटक्यावर बोलायला तोंड उरले नसते.