पत्नीची साक्ष, वादकाची साक्ष

संगीतकाराच्या पत्नीचे आत्मकथन आपण बहुधा पतीच्या चरित्राचे साधन म्हणून वाचतो. एव्हलिन बार्बिरोली यांचे ‘लाइफ विथ ग्लोरियस जॉन’ (२००२) वाचताना ही सवय मला अपुरी वाटली. डिसेंबर १९४० च्या बाँबहल्ल्यात मँचेस्टरचे फ्री ट्रेड हॉल, हॅले वाद्यवृंदाचे घर, उद्ध्वस्त झाले. १९४३ मध्ये जॉन बार्बिरोली न्यूयॉर्कहून परतले, तेव्हा पुरेसे वादकही उरले नव्हते. सैन्यात न गेलेल्या स्त्री-पुरुषांतून त्यांनी काही आठवड्यांतच वृंद उभा केला. त्या काळी ब्रिटनमध्ये अन्न आणि कापड रेशनवर होते. तुटपुंज्या शिध्यावर संसार रेटणे आणि तुटपुंज्या वादकांतून सिंफनी साधणे, ही मुळात एकच विवंचना होय. तिची दोन्ही अंगे जाणण्याचा अधिकार एव्हलिन यांना होता. कारण त्या स्वतः ओबोवादक होत्या. १९३९ मधील विवाहाच्या सहा वर्षे आधी गॉर्डन जेकब यांनी त्यांच्यासाठी कन्चेर्टो रचला होता. तरीही ग्रंथाच्या शीर्षकात गौरव आहे तो पतीचा, आणि तो शब्दही व्हॉन विल्यम्स यांचा! ‘स्मृतिचित्रे’ आपण केवळ रेव्हरंड टिळकांच्या चरित्राचे साधन मानत नाही. तोच न्याय येथेही लावला, तर पत्नीच्या निवेदनामागचा वादकाचा कान जाणवू लागतो.