पायाची जखम किरकोळ नसते

दिवाळी सरता सरता माजलगाव परिसरातल्या ऊसतोड टोळ्या पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या वाटेला लागतात. पुढचे काही महिने त्यांचे पाय कोयत्याचं पातं, तोडलेल्या उसाचे टोकदार बुडखे आणि धारदार पाचट यांच्यात वावरतात. या जखमा छोट्या, म्हणून दुर्लक्षित. जखमांवर उपचार करणारा डॉक्टर म्हणून माझं ठाम म्हणणं आहे, की जखमेचं मोल तिच्या आकारावर नव्हे, जागेवर ठरवावं. दिवसभर उभं राहिल्याने पाय सुजतात आणि सुजेत जखम सावकाश भरते. त्यातच पायाला सतत माती लागते आणि धनुर्वाताचे जंतू मातीत, शेणात असतातच. म्हणून पायाच्या जखमेचं भवितव्य मलमापेक्षा पहिल्या तासातल्या स्वच्छतेवर अधिक अवलंबून असतं.

पाणी लागलं की जखम चिघळते, हा यावरचा नेहमीचा आक्षेप. वास्तविक चिघळवते ती आत राहिलेली घाण. स्वच्छ कापडाने दाबून रक्त थांबवावं, मग पिण्याच्या पाण्याची धार काही मिनिटं सोडून माती काढावी आणि स्वच्छ पट्टी बांधावी. उघडी ठेवली की जखम लवकर सुकते, हेही अर्धसत्य आहे. जॉर्ज विंटर यांनी 1962 मध्ये डुकरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं, की झाकून ओलसर राखलेल्या जखमेवर नवी त्वचा जवळपास दुप्पट वेगाने येते. हळदीत जंतुरोधक गुण आहेत, पण डब्यातली हळद निर्जंतुक नसते आणि तिच्या रंगाखाली वाढती लाली दिसत नाही. चुना नाजूक पेशी जाळतो. बुडखा किंवा खिळा खोल रुतला तर धोका अधिक, कारण हवा न पोहोचणाऱ्या जागीच धनुर्वाताचे जंतू वाढतात. लक्षणं बहुधा 3 ते 21 दिवसांत दिसतात, तोवर जखम विस्मरणात गेलेली असते. मळकट जखम झाली आणि आधीच्या डोसला 5 वर्षं उलटली असतील, तर धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायलाच हवं.

सूज उतरायला पायाला विश्रांतीही हवी; पण इथला सगळ्यात खरा आक्षेप पोटाचा आहे. उचल घेतलेल्या जोडप्याला एक खाडाही परवडत नाही, मग विश्रांती कुठून आणायची? हा प्रश्न मजुराला विचारून भागणार नाही. जखम त्याच्या पायाला झाली तरी कामाची रचना कारखाना आणि मुकादम ठरवतात. हंगामापूर्वी लसीकरण, पायात भक्कम बंद बूट, प्रत्येक फडावर स्वच्छ पाणी व पट्ट्या आणि जखमी मजुराचा खाडा माफ, एवढी जबाबदारी त्यांनी उचलावी. खर्च वाढेल, असं म्हटलं जाईल. पण वेळेवर मिळालेली दोन दिवसांची विश्रांती पुढे वाया जाणारे कितीतरी आठवडे वाचवू शकते. लाली पसरली, पू झाला, ताप आला, किंवा मधुमेह्याच्या बधिर पायावर साधा ओरखडा जरी दिसला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. तिथवर पोहोचवणं हेही टोळी नेणाऱ्याचं कर्तव्य मानलं गेलं पाहिजे.